ड्रम स्मोकर बनवताय? या चुका टाळा

ह्यूस्टनला आल्यापासून मागच्या अंगणात दोन स्मोकर (कोळसा-लाकडाच्या धुरावर मांस हळूहळू शिजवायच्या भट्ट्या) झाले, पहिला दुकानातून आणलेला स्वस्तातला ऑफसेट (ज्यात आग बाजूच्या वेगळ्या डब्यात, म्हणजे फायरबॉक्समधे असते) आणि दुसरा घरीच बनवलेला ५५ गॅलनच्या लोखंडी ड्रमचा, म्हणजे आपल्याकडे गॅरेजच्या बाहेर ऑइलचं २०० लिटरचं पिंप असतं ना, तेच. इकडे त्याला अग्ली ड्रम स्मोकर म्हणतात. मधे पाण्याची थाळी वगैरे काही नसते, मांसातली चरबी सरळ निखाऱ्यावर पडते आणि तिचा धूर परत मांसाला लागतो, ती चव मला तरी दुसऱ्या कशात मिळाली नाही. माझं बघून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ड्रम बनवायला घेतला आणि सगळे फिरून फिरून त्याच ठिकाणी अडकतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

सुरुवात ड्रमपासूनच. फुकट मिळतोय म्हणून कुठलाही उचलून आणू नका. आत आधी काय होतं हे देणाऱ्याला सांगता येत नसेल तर सोडून द्या, केमिकल किंवा कीटकनाशकाचा ड्रम कितीही जाळला घासला तरी त्यात खायचं शिजवायचं नाही म्हणजे नाही. आणि फूड ग्रेड लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्यातही बऱ्याचदा आतून लालसर किंवा खाकी रंगाचं इपॉक्सीचं लायनिंग असतं. ते साबणाने जात नाही. माझ्या मित्राने नुसता धुऊन वापरला तर पहिल्याच चिकनला जळक्या प्लास्टिकचा वास आला, सगळं फेकून द्यावं लागलं. लायनिंग काढायचं तर खाली भोकं पाडून आत लाकडांचा मोठा जाळ करायचा, मोकळ्या जागेत, तो धूर अंगावर न घेता, आणि मग वायर ब्रशने कोरा पत्रा दिसेपर्यंत घासत बसायचं. मी केलंय हे, अख्खा रविवार जातो. त्यापेक्षा थोडे पैसे जास्त देऊन बिनलायनिंगचा नवा ड्रम घेतलेला परवडतो.

तसंच गॅल्व्हनाइज्ड जाळी, बोल्ट, पाइप विस्तवाजवळ नको. त्यावरचा जस्ताचा मुलामा जास्त तापला की त्याचा धूर छातीत जातो आणि थंडी भरून ताप येतो, वेल्डिंगवाल्यांना विचारा, त्यांना चांगलं माहितीये. स्टेनलेस नाहीतर साधं लोखंड. रंग फक्त बाहेरून, तोही हाय टेम्परेचरचा, आतून बिडाच्या तव्यासारखा तेल लावून तापवून घ्यायचा.

आता मुख्य मुद्दा. ड्रममधे जे बिघडतं ते जवळपास सगळं हवेमुळे बिघडतं, आणि लोक मात्र कोळसा बदलतात, मसाला बदलतात, नवीन गॅजेट घेतात. ज्यांनी लहानपणी आंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवलाय त्यांना हे लगेच कळेल. बंबाला हवा खालून लागते, जाळीखाली राख साचली की कितीही करवंट्या टाका, नुसता धूर. ड्रमचंही तेच. म्हणून कोळशाची बास्केट तळावर टेकवू नका, खाली ३ इंच जागा राखेसाठी सोडा. हवेची भोकं तळापासून साधारण २ इंचांवर, पाऊण इंचाची ४ पुरतात, तिघांना टोप्या आणि एकाला हवा कमीजास्त करायला बॉल व्हॉल्व्ह. वर झाकणात अर्ध्या इंचाची ८ भोकं. मांसाची जाळी कोळशाच्या बास्केटच्या तळापासून २४ इंच वर, याच्या खाली आणली की खालची बाजू करपते.

आणि कृपा करून तापमान कमी करायला वरची भोकं बंद करू नका. ही चूक सगळ्यात जास्त जण करतात. धूर आत कोंडतो, कोळसा अर्धवट जळतो, मांसावर काळा चिकट थर बसतो आणि चव कडू, जिभेला झिणझिण्या येतील अशी. वरचं कायम उघडं, कंट्रोल फक्त खालून. धूर कसा येतोय ते बघत राहा, दाट पांढरा येत असेल तर मांस ठेवायची घाई नको, पातळ निळसर झाला, जेमतेम दिसेल असा, की ठेवा.

पेटवताना दुसरी मोठी चूक होते. चिमणी (कोळसा पेटवायचा उभा डबा) भरून कोळसा लाल करायचा आणि सगळा आत ओतायचा, हे ग्रिलला ठीक आहे, ड्रम मात्र बघता बघता ४०० फॅरनहाइटला जातो आणि एकदा गेला की लवकर खाली येत नाही, कारण तेवढा सगळा कोळसा पेटलेला असतो. बास्केट न पेटवलेल्या कोळशाने भरा आणि वर फक्त १२-१५ पेटलेले तुकडे ठेवा, आग हळूहळू खाली सरकत जाते. याला मिनियन मेथड म्हणतात, बार्बेक्यू स्पर्धांमधल्या जिम मिनियन यांच्या नावावरून. आपल्याला हवंय २२५ ते २७५, म्हणजे साधारण १०७ ते १३५ सेल्सिअस, तर थर्मामीटरचा काटा २०० ला पोचला की टोप्या लावायला घ्या, २५० ची वाट बघू नका. एक बदल केला की १५ मिनिटं हात लावायचा नाही. सारखं झाकण उघडणं तर अजून वाईट, भसकन हवा आत जाते आणि आग भडकते. उघडायचंच असेल तर आधी खालचं सगळं बंद करा.

बरं, काटा म्हणतो २५० पण काटा खरं बोलतोय का? उकळत्या पाण्यात बुडवून बघा, इथे २१२ दाखवायला पाहिजे, पुण्यात करत असाल तर उंचीमुळे तीनचार अंश कमी. माझ्या ऑफसेटच्या झाकणावरचा काटा ४० अंशांनी चुकीचा होता आणि मी सहा महिने कोळशाला दोष देत होतो. दोन प्रोबचा (टोचायच्या सळ्यांचा) डिजिटल थर्मामीटर घ्या, एक जाळीवर, एक मांसात.

पोर्क शोल्डर करताना आतलं तापमान १५० ते १७० फॅरनहाइटच्या मधे कुठेतरी येऊन थांबतं, कधीकधी तीनचार तास हलतच नाही. लोक घाबरून सगळे व्हॉल्व्ह उघडतात. काही बिघडलेलं नसतं, माठातलं पाणी पाझरून गार होतं तसंच मांसातलं पाणी वर येऊन उडतंय आणि ते मांसाला गार ठेवतंय. थांबा, नाहीतर फॉइलमधे गुंडाळा.

लाकूड भिजवू नका, पाणी आत फारसं जातच नाही, नुसती वाफ होते. मुठीएवढे सुके तुकडे दोनतीन पुरे. इथलं मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचंच भावंड, दोन्ही एकाच वंशातली झाडं, धूर उग्र, त्यामुळे कमीच टाका. गावाकडे करणाऱ्यांनी आंबा, पेरू वापरून बघा. पाइन, प्लायवूड, रंगवलेली लाकडं अजिबात नकोत.

स्वस्त ऑफसेट आधीच घेतला असेल तर टाकून देऊ नका. झाकणाला गॅस्केट (फट बंद करणारी, उष्णता सोसणारी पट्टी) लावा, फायरबॉक्सचे सांधे हाय टेम्परेचर सिलिकॉनने भरा, धुराची चिमणी आतून जाळीच्या लेव्हलपर्यंत खाली आणा. पत्रा पातळ आहे तो आहेच, थंडीवाऱ्यात कोळसा जास्त खाणार.

पाऊस आला म्हणून स्मोकर गॅरेजमधे घ्यायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झालंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

झालं की वरची खालची सगळी भोकं बंद करा, आग गुदमरून विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी चालतो. दुसऱ्या दिवशी पूर्ण गार झाल्यावर राख मात्र काढाच. ती ओल धरते आणि पत्रा आतून खाते, ह्यूस्टनच्या दमट हवेत माझ्या ऑफसेटच्या फायरबॉक्सचा तळ दोन वर्षांत असाच गेला.