छोट्या अकूस्टिक मैफलीसाठी बेतात बसणारी पोर्टेबल साउंड सिस्टम कशी निवडावी

एक गिटार, एक-दोन गळे आणि समोर चाळीस-पन्नास माणसं. एवढ्या कार्यक्रमासाठी सिस्टम घ्यायला निघालेल्याचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटची घेऊ?’ पण एवढ्या खोलीत आवाज कमी पडला म्हणून कार्यक्रम फसला, असं क्वचितच होतं. माइक शिट्टी मारतो, शब्द कळत नाहीत, गिटार पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी ऐकू येते, तेव्हा तो फसतो. म्हणून महत्त्व देण्याचा क्रम उलटा लावा: आधी इनपुट (माइक-वाद्य जोडण्याच्या जागा), मग स्पष्टता, मग वजन आणि सगळ्यात शेवटी वॅट.

पायरी १: आधी कागदावर मांडा

एकाच वेळी किती माइक आणि किती वाद्यं जोडायची ते लिहा. एकटाच गात-वाजवत असेल तर दोन चॅनल (एका माइकची किंवा वाद्याची स्वतंत्र वाट म्हणजे एक चॅनल), दोघं असतील तर चार. मध्यंतरात फोनवरून गाणी लावायची असतील तर आणखी एक. ‘कधीतरी लागतील’ म्हणून आठ चॅनलच्या मागे लागू नका, ते पैसे चांगल्या माइकला उपयोगी पडतील. शिवाय चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. जास्त माइक म्हणजे जास्त कटकट.

त्याखाली आणखी तीन गोष्टी लिहा: सगळ्यात लांबचा श्रोता किती मीटरवर बसणार, कार्यक्रम छताखाली की उघड्यावर, आणि सामान उचलायला किती हात आहेत.

पायरी २: वॅटचा हिशोब स्वतः करा

समजा, स्पीकरची संवेदनक्षमता ९५ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर ९५ डेसिबल आवाज मिळतो. १०० वॅट दिले की त्यात २० डेसिबलची भर पडून ११५ होतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ चे २, २ चे ४, ४ चे ८ मीटर, अशा तीन दुपटी म्हणजे १८ डेसिबल गेले. आठ मीटरवरच्या श्रोत्यापर्यंत ९७ उरले. खोलीत भिंतींमुळे घट याहूनही कमी होते.

माणसं आपापसांत बोलत असलेल्या खोलीत साधारण ६५ ते ७० डेसिबल गलका असतो. गाणं त्याच्या वर दहा-बारा डेसिबल ठेवलं तरी ८०च्या आसपास काम भागतं. उरलेले पंधराएक डेसिबल गिटारच्या जोरदार फटक्यासाठी आणि वरच्या सुरासाठी हातचे राखायचे. तेवढी जागा नसेल तर नेमका समेवर आवाज फाटतो. म्हणजे पन्नास माणसांना खरे १०० वॅट पुरतात.

‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेक वेळा ‘पीक’ असतो, म्हणजे क्षणभर झेपणारी ताकद. माहितीपत्रकात ‘कंटिन्युअस’ किंवा ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी ताकद, शोधा आणि दोन सिस्टमची तुलना त्याच आकड्यावर करा. वॅट दुप्पट झाले तरी आवाजात फक्त ३ डेसिबलची भर पडते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. तेव्हा २०० की ३०० वॅट, या फरकासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वूफरचंही (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) तसंच. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि चांगल्या ८ इंची वूफरला तेवढं सहज झेपतं. १२ इंची लागतो तो बेस गिटार असेल तर, कारण तिची जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत खाली जाते.

पायरी ३: कोणत्या जातीची सिस्टम

बॅटरीवर चालणारी एकच पेटी, आत छोटा मिक्सर (वेगवेगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारा): बोस एस१ प्रो किंवा जेबीएल इऑन वन कॉम्पॅक्ट या याच जातीच्या. एकट्या-दुकट्या कलाकाराला सगळ्यात सोयीची.

अकूस्टिक ॲम्प: गिटारसाठी बनवलेला, सोबत माइकचं इनपुट. गिटार यावर सुरेख वाजते, पण पेटी जमिनीवर राहिली तर पुढच्या रांगेचे पाय आवाज खातात आणि मागे काही पोचत नाही. खुर्चीवर किंवा तिरक्या स्टँडवर ठेवूनच वापरा.

पॉवर्ड स्पीकर (आतच ॲम्प असलेला) आणि वेगळा छोटा मिक्सर: सामान जास्त, वायरी जास्त, पण तेवढ्याच पैशांत सगळ्यात चांगला आवाज बहुधा इथेच मिळतो. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. हळूहळू वाढवायचं असेल तर आमचा कौल यालाच. मिक्सर मात्र स्पीकरच्या ‘लाइन’ इनपुटलाच (मिक्सरसारख्या जोरदार सिग्नलसाठीचं) जोडा. स्पीकरची कळ चुकून ‘माइक’वर राहिली तर सुरुवातीपासूनच आवाज फाटतो आणि दोष स्पीकरच्या माथी येतो.

कॉलम: छोटे स्पीकर एकावर एक रचलेला उंच खांब. बोसने २००३ साली एल१ आणली तेव्हापासून ही जात छोट्या मंचांवर रुळली. आवाज आडवा लांब पसरतो, वर-खाली कमी, त्यामुळे छतावरून घुमणं कमी होतं. कलाकाराच्या मागे उभा केला तर वेगळा मॉनिटरही (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) लागत नाही. पण मागे उभा केला म्हणजे माइकही त्याच्यासमोर आला. कुजबुजत गाणाऱ्या गायकाला हे महागात पडतं.

पायरी ४: इनपुट डोळ्यांत तेल घालून पाहा

पैसे वाचवण्याच्या नादात सगळ्यात मोठी चूक इथे होते. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजखालचा पिएझो पिकअप (तारांच्या कंपाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) एखाद्या छोट्या कपॅसिटरसारखा वागतो. तो कमी रोधाच्या इनपुटला, म्हणजे १० किलोओमच्या साध्या लाइन इनपुटला जोडला, तर खालचे सूर गळून जातात आणि उरतो तो किरकिरा, पातळ आवाज. इक्वलायझरने कितीही बेस वाढवला तरी गेलेला भरदारपणा नीट परत येत नाही. म्हणून माहितीपत्रकात ‘हाय-झेड’ किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुट आहे का आणि त्याचा रोध किमान १ मेगाओम आहे का, हे पाहा. पिएझोला १० मेगाओम मिळाले तर उत्तमच.

गिटारमध्ये ९ व्होल्टच्या बॅटरीवरचा प्रीॲम्प (पिकअपचा सिग्नल सशक्त करणारं सर्किट) असेल तर ही काळजी बरीच कमी होते. नसेल आणि सिस्टममध्येही तसं इनपुट नसेल, तर जास्त रोधाच्या इनपुटची ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणारी, विजेवर चालणारी छोटी डबी) घ्यावी लागेल. तिचा खर्च सिस्टमच्या किमतीतच धरा.

माइकसाठी एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी हवीच. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (अशा माइकला त्याच्या वायरीतूनच मिळणारी वीज) आहे का ते विचारा, बऱ्याच छोट्या पेट्यांत ते नसतं. प्रत्येक चॅनलला स्वतंत्र ट्रेबल आणि बेस हवेत, रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) असला तर छान. लो-कटची कळ मात्र आवर्जून शोधा. गायकाच्या चॅनलवर ८० ते १०० हर्ट्झखालचं छाटलं की माइकवरचे ‘प’, ‘फ’चे फुगे आणि मंचावरची धपधप बरीच कमी होते.

ब्लूटूथ फक्त मध्यंतरातल्या गाण्यांसाठी. त्यात आवाज उशिरा पोचतो, त्यावर वाजवता येत नाही.

पायरी ५: वजन आणि बॅटरी

सात-आठ किलोची पेटी एका हातात नेता येते. पंधरा किलोच्या पुढे जिना चढताना प्रत्येक पायरी मोजाल. पेटीखाली स्टँडसाठी ३५ मिलिमीटरचं भोक आहे का ते पाहा.

बॅटरीचे छापील तास मध्यम आवाजावरचे असतात, त्यातले निम्मे धरून चाला. लिथियम बॅटरी हलकी असते. लेड-ॲसिडची जड असते आणि रिकामी ठेवली तर कायमची बसते, म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर ती त्याच रात्री चार्ज करावी लागते. बॅटरी काढून बदलता येते का, हा प्रश्न घेतानाच विचारा.

पायरी ६: स्वतःचा माइक आणि गिटार नेऊन तपासा

दुकानातलं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकून सिस्टम घेऊ नका. ते कोणत्याही पेटीवर बरं वाजतं. अर्धा तास मागून घ्या आणि असं करा:

१. सगळे टोन नॉब मधोमध, रिव्हर्ब बंद. पेटी स्टँडवर, शिंग, म्हणजे वरच्या सुरांचा भाग, बसलेल्या माणसांच्या डोक्यांवर येईल असं ठेवा.

२. माइकला तोंड लावून, नेहमी गाता तसंच गा आणि चॅनलचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) क्लिपचा, म्हणजे आवाज फाटू लागल्याचा, लाल दिवा कधीमधीच लुकलुकेल इतपत वाढवा. मग मुख्य व्हॉल्यूम चढवा.

३. सोबतच्याला आठ मीटर मागे उभं करून अनोळखी मजकूर वाचून दाखवा. शब्द न अडखळता कळले पाहिजेत. कळत नसतील तर २५० हर्ट्झच्या आसपासचा घुमारा तपासा. थोडा बेस कमी केल्यावर आवाज मोकळा झाला तर ठीक. नाही झाला तर ती पेटी सोडा.

४. आता माइक पेटीच्या मागच्या बाजूला, मंचावर असतो तिथे ठेवून आवाज हळूहळू वाढवा. ‘कुईं’ सुरू होते ती जागा लक्षात ठेवा. तिथून ६ डेसिबल खाली आल्यावरही मागच्या भिंतीपर्यंत पुरेसा आवाज पोचला पाहिजे. दोन पेट्यांमधला खरा फरक याच चाचणीत उघडा पडतो.

५. गिटार जोडा, तारा मोकळ्या सोडा, आवाज वाढवा. १०० हर्ट्झच्या आसपास ‘हूंऽऽ’ घुमू लागेल, कारण गिटारच्या पोटातली हवा साधारण तिथेच थरथरते. फेज बदलण्याची कळ किंवा नॉच फिल्टर (ठरावीक एकच सूर छाटणारा) असेल तर तो लावून घुमणं थांबतं का पाहा. गिटारच्या भोकावर रबरी झाकण बसवलं तरी बराच फरक पडतो.

६. शेवटी सगळं शून्यावर आणून पेटीला कान लावा. बारीक सूंसूं चालेल. घरघर किंवा पंख्याचा आवाज असेल तर हळुवार गाण्यात तोच ऐकू येईल.

पायरी ७: पैशांची वाटणी

सगळे पैसे पेटीत घालू नका. साधारण साठ टक्के पेटीला, वीस माइकला, उरलेले स्टँड, वायरी आणि डीआयला. माइक डायनॅमिक आणि कार्डिऑइड घ्या, तो मागून येणारा आवाज सगळ्यात कमी पकडतो. १९६६ पासून विकला जाणारा शूअर एसएम५८ अजून मंचावर दिसतो तो दणकट आहे म्हणून. सुपरकार्डिऑइड घेतलात तर ध्यानात असू द्या, त्याचा बहिरा भाग थेट मागे नसून मागच्या दोन्ही बाजूंना, सुमारे १२५ अंशांवर असतो. मॉनिटर अगदी मागे ठेवला तर तो हमखास शिट्टी मारेल.

गिटारची साधी वायर पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको. एक्सएलआरची वायर तीस मीटरची असली तरी चालते.

घरघर येऊ लागली तर डीआयवरची ग्राउंड लिफ्टची (सिग्नलच्या वायरीतली ग्राउंडची जोडणी तोडणारी) कळ दाबा. प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. माइकला ओठ लागलेले असतात आणि हातात धातूच्या तारा असतात, शॉक जीवघेणा ठरू शकतो.

जुनी सिस्टम घेत असाल तर

फोनवर टोन वाजवणारं ॲप घ्या आणि ६० हर्ट्झपासून ३०० पर्यंत आवाज हळूहळू सरकवत न्या. मध्येच खरखर किंवा फडफड झाली तर वूफरची कडा फाटली आहे किंवा पेटीचा जोड सुटला आहे. प्रत्येक नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा. किरकोळ खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते, मध्येच आवाज गायब होत असेल तर नॉब बदलावा लागतो. प्रत्येक जॅकमध्ये वायर लावून हलकेच हलवा. बॅटरीची असेल तर पूर्ण चार्ज करून, चार्जर काढून, तासभर बऱ्या आवाजात वाजती ठेवा आणि दिवे किती उतरले ते पाहा. विकणारा तेवढा वेळ थांबायला तयार नसेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा.