अंदालुसियाला निघण्याआधी

दक्षिण स्पेनच्या तारखा ठरल्या की पहिलं काम ग्रनादा शहरातल्या अल्हाम्ब्रा या किल्ला-राजवाड्याच्या तिकिटाचं. तिथल्या नासरी सुलतानांच्या महालांत शिरायची वेळ तिकिटावर असते. ती हुकली की आत सोडत नाहीत, आणि तिकिटं कित्येक आठवडे आधीच संपतात. नाव पासपोर्टात आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट भरा. त्या दिवशी मूळ पासपोर्टच जवळ ठेवा, झेरॉक्स नको. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. जुलै-ऑगस्टात कोर्दोबाचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून ऑक्टोबर बरा.

छोटी दुर्बीण घ्याच. कोर्दोबाच्या मशिदीत खांबांच्या रांगा आणि लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण अल्हाम्ब्राचं खरं काम छताजवळ आहे, मधाच्या पोळ्यासारखं. भिंतींवर ‘अल्लाहशिवाय कुणी विजेता नाही’ हे एकच वाक्य अरबीत पुन्हापुन्हा कोरलंय. घरीच त्याचा फोटो समोर ठेवून ते चार-पाच वेळा गिरवा. अरबी येत नसली तरी वळण डोळ्यांत बसतं, आणि मग नुसती नक्षी वाटणाऱ्या भिंतीतून ते वाक्य वर येऊ लागतं. तो आनंद चुकवू नका.

सिएरा नेवादा या डोंगररांगेसाठी गरम जाकीट आणि चांगली पकड असलेले बूट हवेत. तिथलं मुलासेन शिखर ३,४७९ मीटर उंच आहे. शिखर गाठायचं नसेल तर तिच्या दक्षिण उतारावरच्या आल्पुहारा भागात, पाम्पानेइरा ते कापिलेइरा या गावांदरम्यान चाला. बस मोजक्याच, वेळापत्रक आधी टिपून ठेवा. वाटेत पाण्याचे पाट लागतील. त्यांना आसेकिया म्हणतात. शब्द अरबी, मुस्लिम राजवटीत खोदलेले कितीतरी पाट आजही वाहतात. कोकणात आगरात पाट वळवलेल्या माणसाचा पाय तिथून लवकर निघणार नाही.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, ‘सिन हामोन’ (हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस नको) हेही सांगा, टोमॅटोच्या गार साल्मोरेहो सूपवरही हॅमचे तुकडे पेरलेले असतात.

शेवटी आल्मुन्येकारचा किनारा. कोर्दोबाची मशीद बांधायला सुरुवात करणारा अमीर, अब्द अल-रहमान पहिला, ७५५ साली इथेच उतरला. वाळूपेक्षा गोटे जास्त, तेव्हा रबरी चपला घ्या. आणि एक चमचा: ऑक्टोबरात बाजारात चिरिमोया येऊ लागतो, आपल्या सीताफळाचा सख्खा भाऊ, साल गुळगुळीत आणि गर दाट.