लाकडी पंखाचा सुटलेला सांधा: फटीत इपॉक्सी ओतू नये

स्वतः बांधलेल्या विमानाच्या लाकडी पंखात रिब (पंखाला आकार देणारी आडवी पट्टी) आणि स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई) यांचा सांधा सुटल्याचे आढळल्यास, फटीत सिरिंजने इपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारा गोंद) सोडून वर क्लॅम्प लावण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नवे इपॉक्सी जुन्या, कडक झालेल्या थरावरच बसते, लाकडाच्या तंतूंत मुरत नाही आणि बाहेरून भरलेला दिसणारा सांधा भार पेलत नाही. सांधा पूर्ण उघडावा आणि जुना थर धारदार पात्याने खरवडून कोरे लाकूड मोकळे करावे. असे पाते कोल्हापूरच्या उद्यमनगरात घासून घेता येते. मऊ लाकडावर पॉलिश पेपर मात्र वापरू नये, कारण त्याच्या भुशाने तंतूंची तोंडे बुजतात. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टच्या संततधारेत लाकूड ओलावा शोषते, म्हणून हे काम शक्यतो दिवाळीनंतर, लाकडातील ओलावा ८ ते १२ टक्के असताना करावे. सांधा पुन्हा जोडताना इपॉक्सीला बेताचा दाब पुरतो. क्लॅम्प फार आवळल्यास ते बाहेर पडून सांधा कोरडा राहतो. त्याच मिश्रणाने त्याच जातीच्या लाकडाचे दोन तुकडे जोडून ठेवावेत आणि पूर्ण कडक झाल्यावर तोडून पाहावेत. लाकूड न फाटता जोड सुटला, तर कितीही जिवावर आले तरी पंखाचा सांधा पुन्हा उघडावा.