वावर न विकता परदेशात भूविज्ञान शिकायचं असेल तर

बी.एस्सी. करणारी आपल्याकडची मुलं मला पहिला प्रश्न देशाचा विचारतात. जर्मनी बरं की अमेरिका? मग खर्च विचारतात आणि विषय राहतो शेवटी. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी शाखा ठरवा, मग पैसा कोण देणार ते पाहा. देश त्यातून आपोआप ठरतो.

मी अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे जिथं विहिरीला खारं पाणी लागतं त्या भागातली. शाळा मराठी माध्यमाची, बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्र, एम.एस्सी. नागपूरला आणि आता जर्मनीत भूजलावर पीएच.डी. करते आहे. घरच्या सातबाऱ्यावर या शिक्षणापायी एक रुपयाचाही बोजा चढला नाही. तसा तो चढायची गरज या विषयात बहुतेक वेळा नसतेच, आणि हे मला तळमळीनं सांगायचं आहे. कारण शेती विकून, नाहीतर सावकाराचे पैसे उचलून पोराला एक वर्षाच्या मास्टर्सला पाठवलेली घरं मी पाहिली आहेत. शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन सहसा तारण म्हणून घेत नाहीत. मग घरचे दुसऱ्या वाटेनं पैसा उभा करतात आणि ती वाट फार महाग पडते.

शाखेपासून सुरू करू. परदेशातल्या काही विद्यापीठांत भूविज्ञानाचा विभाग ‘अर्थ अँड स्पेस सायन्सेस’ या नावाचा असतो. त्या नावाखाली बरंच काही येतं: खडक आणि खनिजं, भूकंप, भूजल, हवामान, जीवाश्म, उपग्रहावरून केलेलं सर्वेक्षण, सूर्याकडून येणाऱ्या कणांचा पृथ्वीवरचा परिणाम, आणि ग्रहविज्ञान. बारावीच्या मुलाला ‘स्पेस’ म्हटलं की रॉकेट आठवतं. रॉकेट हा इंजिनिअरिंगचा भाग झाला. चंद्रावरचा खडक कसा तयार झाला, मंगळावर पाणी कुठं वाहत होतं, हे प्रश्न बऱ्याच ठिकाणी भूगर्भशास्त्राच्याच विभागात सोडवले जातात. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत पृथ्वी आणि अंतराळ या दोन्हींचा मिळून एकच विभाग आहे. सिॲटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये आणि टोरांटोच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतही असे जोडविभाग आहेत.

यात विदर्भातल्या मुलांची बाजू भक्कम आहे. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसॉल्टची मैदानं. मंगळाच्या पृष्ठभागावरही मुख्यतः बेसॉल्टच. आणि आपण पश्चिम विदर्भात विहीर खणली की लागतो तो काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार म्हणजे याच बेसॉल्टमध्ये अशनी आदळून झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. बेसॉल्टमध्ये इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुर्मीळ आहे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. ते आघातानं झालं याचे भक्कम पुरावे १९७३ साली ‘सायन्स’मध्ये छापून आले. वयाचा वाद मात्र पुढं बराच चालला. एका पद्धतीनं ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, तर २०११ मध्ये आर्गॉनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमीजास्त वजनाच्या अणूंवरून) सुमारे ५ लाख ७० हजार. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त फरक! असा फरक का पडतो, कोणती पद्धत कुठं फसते, हे ज्याला समजून घ्यावंसं वाटतं त्यानं या शाखेकडं यावं.

लोणार सोडलं तरी आपल्याकडं कमी नाही. वर्धा खोऱ्यात वणी-चंद्रपूरकडे गोंडवन काळातला कोळसा आहे. भंडाऱ्याकडे मँगनीज आहे. गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज आणि सिरोंचाकडे डायनासोरच्या काळातले जीवाश्म आहेत. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड येतं. एसटीनं एका दिवसात जाता येईल एवढ्या अंतरात इतक्या वेगवेगळ्या काळांचे खडक परदेशातल्या किती तरी विद्यार्थ्यांना पाहायला मिळत नाहीत. ते विमानानं फील्डला जातात.

एक अडचण आधीच माहीत असू द्या. अमेरिकेत शिकून नासात नोकरी, असं स्वप्न असेल तर तिथल्या सरकारी केंद्रांतल्या कायम नोकऱ्यांना सहसा अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, आणि यानांच्या तंत्रज्ञानावर निर्यातीचे कडक कायदे आहेत. युरोपच्या अंतराळ संस्थेतही भरती मुख्यतः सदस्य देशांच्या नागरिकांची होते. पण यानांनी पाठवलेली माहिती बहुतांशी सगळ्यांना खुली असते. विद्यापीठात बसून तिच्यावर संशोधन करायला परदेशी विद्यार्थ्याला अडकाठी नाही. तेव्हा ग्रहविज्ञान जरूर करा, पण ते विद्यापीठातल्या संशोधनासाठी करा.

गणिताचंही आत्ताच सांगते. भूकंपशास्त्र, भूभौतिकी, हवामान, अंतराळ भौतिकी या शाखांत गणित आणि भौतिकशास्त्र लागतंच. बी.एस्सी.ला भूगर्भशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र असा गट घेतला असेल तर तिकडं जाणं अवघड होतं. भू-रसायन, जीवाश्म, खडकांचा अभ्यास हे मार्ग मात्र उघडे राहतात. अकरावीत गणित सोडू नका, एवढं लहान भावंडांना सांगा.

आता पैसा. सगळ्यात जास्त विचार इथंच करायला हवा.

माझा सल्ला असा की बहुतेकांनी एम.एस्सी. भारतातच करावी आणि परदेशात थेट पीएच.डी.ला जावं. जॅम ही आयआयटीतल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा भूगर्भशास्त्रातून देऊन मुंबई, खरगपूर, रुरकी मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर नागपूर, अमरावती आहेतच. जर्मनीत पीएच.डी. करणारा विद्यार्थी बऱ्याचदा विद्यापीठाचा नोकरदार असतो. सरकारी वेतनश्रेणीच्या अर्ध्यापासून पाऊण हिश्शापर्यंत पगार मिळतो आणि तो खाऊन-पिऊन पुरतो. अमेरिकेत पीएच.डी.ला सहसा फी माफ होते, आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या मदतीबद्दल दर महिन्याला पैसे मिळतात. तिथं काही विद्यापीठं तीन वर्षांची बी.एस्सी. पुरेशी मानत नाहीत. वर एम.एस्सी. असली की तो प्रश्न सहसा मिटतो. इंग्लंडमध्येही सरकारी निधीवरच्या पीएच.डी.च्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, फक्त त्यांचं प्रमाण ३० टक्क्यांवर जाऊ देत नाहीत.

मास्टर्सलाच जायचं असेल तर जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. अपवाद आहेत. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली आहे. पण ‘फी नाही’ ऐकून घरी पेढे वाटण्याआधी ब्लॉक्ड अकाउंट समजून घ्या. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच खात्यात ठेवावा लागतो. २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो आहे. पैसे तुमचेच असतात, दर महिन्याला परत मिळतात, पण सुरुवातीला एकरकमी दाखवावे लागतात. शिष्यवृत्ती किंवा पगाराचं पत्र असेल तर सहसा हा प्रश्न येत नाही.

मास्टर्सला पूर्ण पैसा देणारे मार्गही आहेत. युरोपची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती महिन्याला १,४०० युरो देते आणि फीही भरते. भूजलावरचा तिचा एक अभ्यासक्रम लिस्बन, डेल्फ्ट आणि ड्रेस्डेन असा तीन ठिकाणी चालतो, आणि आपल्या विहिरींचा प्रश्न ज्याला सोडवायचा आहे त्यानं तो जरूर पाहावा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वेगळी योजना आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, आणि इतर मागास, भटक्या-विमुक्त वर्गांसाठीही राज्याची योजना आहे. भूमिहीन शेतमजुराच्या मुलाला केंद्राची शिष्यवृत्ती मिळू शकते, हे आपल्या गावांत फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांना सांगता येईल त्यांना सांगा. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाच्या क्रमवारीची अट हे नियम बदलत राहतात, त्यामुळं त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. जात वैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसीलचे हेलपाटे आणि अर्जाची शेवटची तारीख एकाच आठवड्यात आली तर जीव मेटाकुटीला येतो.

निवड कशावर होते? गुण लागतात, इंग्रजीची परीक्षाही लागते. पण माझ्या पीएच.डी.च्या मुलाखतीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो एम.एस्सी.च्या प्रबंधावर. प्रबंध साधा होता. पूर्णा नदीच्या गाळाच्या पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर निवडल्या, विभागाचा ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून खारेपणा सांगणारं यंत्र) घेऊन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याचा खारेपणा मोजला, खोली लिहून घेतली, नकाशा केला. मुलाखतीत माझ्या आत्ताच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी विचारलं, “खारेपणा खोलीबरोबर वाढतो असं तुम्ही म्हणता, पण शेजारच्या दोन विहिरींत इतका फरक का?” मी सांगितलं की एका विहिरीजवळून नाला जातो, पावसाचं गोडं पाणी वरून मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर तरंगतं, आणि उपसा जास्त झाला की खालचं खारं पाणी वर येतं. त्यावर त्यांनी पुढचा प्रश्न टाकला. हा क्षार मुळात आला कुठून? पाणी आटून क्षार उरले असतील तर पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण वाढलेलं दिसतं. गाळातले जुने क्षार नुसते विरघळले असतील तर ते प्रमाण बदलत नाही. ते मोजायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं आणि त्यांच्याकडं होतं. पुढची पीएच.डी. याच धाग्यावर उभी राहिली. विषय भारी नाव असलेला नसला तरी चालतो. माहिती स्वतः गोळा केलेली असावी आणि तिच्यातली प्रत्येक नोंद तुम्हाला समजावून सांगता यावी.

साधनं फुकट आहेत. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लँडसॅट आणि सेंटिनेल उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर आहेत, आणि इस्रोच्या डेहराडूनच्या संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत असतात. मंगळाचे नकाशे पाहायला जेमार्स आहे. पायथन ही संगणकाची भाषा थोडी शिका. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. कॉलेजचं पत्र घेऊन तिथं जा आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी मागा.

मुलींसाठी दोन शब्द. फील्डला एकटी जाऊ नको असं घरचे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. मी वर्गमैत्रिणीला नाहीतर भावाला घेऊन जायची, सरपंचांना आधी फोन करायची. गावात शिरल्यावर पहिल्या विहिरीवर बायकांशी बोललं की पुढची सगळी माहिती मिळते: कोणत्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणतं पाणी उन्हाळ्यात जास्त खारं होतं. ती माहिती माझ्या वहीत आकड्यांइतक्याच जागेवर आहे.

प्राध्यापकांना ई-मेल सप्टेंबर-ऑक्टोबरात पाठवा. अमेरिकेतले बरेच अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. ई-मेल एका पडद्यात मावेल एवढाच असू द्या: मी कोण, काय मोजलं, तुमच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध आहे, तुमच्याकडं जागा आहे का. शंभर जणांना एकच मजकूर पाठवला तर वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. बहुतेक जण उत्तर देणार नाहीत. त्यानं खचू नका, ते रोजचंच आहे. जर्मनीतल्या जागा नोकरीसारख्या जाहीर होतात. डीएएडी आणि युरॲक्सेस या संकेतस्थळांवर त्या वर्षभर येत राहतात. बायोडेटात जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, लग्न झालंय की नाही, हे काही लिहायचं नसतं.

शिफारसपत्रं हा आपल्या लहान कॉलेजांतला कच्चा दुवा आहे. ‘विद्यार्थिनी हुशार, मेहनती व आज्ञाधारक आहे’ या पत्राचा काही उपयोग होत नाही. सरांना एक पान लिहून द्या: मी तुमच्याकडं काय शिकले, कोणता प्रयोग केला, कुठं अडले आणि ते कसं सुटलं. त्यावरून ते नेमकं लिहू शकतात. पत्र सरांच्या कॉलेजच्या ई-मेलवरून गेलं तर चांगलं. कॉलेजनं असा पत्ता दिला नसेल तर प्राचार्यांना भेटून आधीच मागून घ्या.

कागदपत्रांत नाव तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गळालेलं, असं आपल्याकडं सर्रास असतं. स्पेलिंग सगळीकडं एकच करून घ्या, मग पासपोर्ट काढा. जर्मनीत मास्टर्सला जाणाऱ्यांना एपीएस हे पडताळणीचं प्रमाणपत्रही नोव्हेंबर २०२२ पासून लागतं आणि त्याला वेळ लागतो. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढताना चार-पाच सीलबंद प्रती एकदमच घ्या, कारण परदेशातून पुन्हा मागवायच्या तर नागपुरात खिडकीसमोर उभं राहायला कोणीतरी हवं.

इतकं करूनही परदेशची जागा मिळाली नाही तर एम.एस्सी. वाया जात नाही. यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं, आणि सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय नागपुरातच आहे. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण ती परीक्षा देऊन आज भूजलाचंच काम करते. आम्ही दोघी अजूनही एकमेकींना आकडे पाठवतो.