आश्रयगृहातील कुत्र्याला घर देताना या चुका टाळा

आश्रयगृहातून कुत्रा बाहेर काढणे हा या कामाचा सर्वांत सोपा आणि छायाचित्रात सर्वांत देखणा दिसणारा भाग आहे. तीन महिन्यांनंतरही तो त्याच घरात आहे का, हे विचारायला मात्र फारसे कोणी थांबत नाही. परत आलेल्या कुत्र्यांपैकी जी मी जवळून पाहिली, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे कोणाची तरी घाई होती. अशा घाईची सर्वांत वाईट शिक्षा एका मादीने भोगली आणि ती घाई माझी होती.

ती चार वर्षांची होती आणि पाच महिने आश्रयगृहात राहिली होती. तिची मान डोक्याइतकीच रुंद होती आणि पिंजरा उघडला तरी ती कोपऱ्यातून हलत नसे. सगळे तिला ‘शांत’ म्हणत, मीही म्हणत असे. प्रत्यक्षात ती भीतीने गोठलेली होती. दत्तक घेणारे कुटुंब समंजस होते, पण त्या दिवशी मला आणखी दोन कुत्री पोचवायची असल्यामुळे गळ्यातला पट्टा पुढून ओढून पाहण्याचे अर्ध्या मिनिटाचे काम मी केले नाही. त्यांच्या घरासमोर गाडीचे दार उघडले, तेवढ्यात मागे कुठेतरी फाटक आपटले, ती चार पावले मागे सरकली आणि रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला.

त्यानंतर आम्ही जे केले ते अधिकच चुकीचे होते. घरातली चार माणसे आणि मी तिला नावाने हाका मारत मागे धावलो, आणि ते नाव तरी तिला मिळून दोनच दिवस झाले होते. घाबरून पळणाऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने मागे येणारा प्रत्येक माणूस शिकारी असतो, मग तो ओळखीचा का असेना. मदतीला आलेल्यांनी दुचाक्या काढल्या आणि अर्ध्या तासात ती दिसेनाशी झाली. तिसऱ्या दिवशी आम्हाला शहाणपण सुचले. शोधणाऱ्यांना घरी पाठवले, ‘हाक मारू नका, पाठलाग करू नका, दिसल्यास फक्त फोन करा’ असे फलक लावले आणि ज्या अर्धवट बांधकामापाशी ती दोनदा दिसली होती तेथे रोज एकाच वेळी खाणे व तिच्या पिंजऱ्यातली न धुतलेली चादर ठेवू लागलो. सापळ्याचे दार सुरुवातीला बांधून उघडेच ठेवले आणि ती आत शिरून निवांत खाऊ लागल्यावरच ते मोकळे सोडले. अकराव्या रात्री ती सापडली. तिचे पंजे सोलवटले होते, अंगाची हाडे दिसत होती, आणि पट्टा सुटला त्या जागेपासून ती जेमतेम एक किलोमीटरवर होती.

तेव्हापासून माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला दोन दोऱ्या असतात: एक हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना, दुसरी गळ्यातल्या पट्ट्याला. दुसरीचे टोक मी कमरेला बांधतो. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत, त्याहून अधिक नाही. निमुळत्या डोक्याच्या कुत्र्याला ओढ बसल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा, मार्टिंगेल नावाचा पट्टा घालावा. दोऱ्या हातात आल्याशिवाय गाडीचे दार उघडू नये आणि नव्या घरातले पहिले दोन महिने कुत्र्याला बाहेर मोकळे सोडू नये. ‘तो तर माझ्या पायातून हलतच नाही’ हे वाक्य मला पहिल्या आठवड्यात हमखास ऐकू येते. त्यावर मी वाद घालत नाही, दुसरी दोरी हातात देतो.

पहिल्या आठवड्यातले कुत्र्याचे वागणे म्हणजे त्याचा स्वभाव, असे समजणे ही दुसरी जुनी चूक आहे. आश्रयगृहात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या शरीरात कॉर्टिसॉल या तणावाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण पहिले काही दिवस वाढलेले असते, आणि घर मिळाले की तीही पुन्हा एकदा अनोळखी जागाच असते. तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे दिनक्रम उमगण्याचे आणि तीन महिने रुळण्याचे, असा एक ढोबळ हिशेब या कामात सांगितला जातो. तो काटेकोर नाही, पण पहिल्याच सुट्टीला सगळे नातेवाईक बोलावणाऱ्यांना आवरायला उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी अंघोळ घालू नये. खाणे एकदम बदलू नये. जुन्यात नवे मिसळत आठवडाभरात बदलावे. घरात आधीचा कुत्रा असेल, तर दोघांची पहिली भेट दारात होऊ देऊ नये. बाहेर, थोडे अंतर ठेवून, दोघांना एकाच दिशेने चालवावे.

जाहिरातीतील गोड खोटेपणाबद्दल मात्र माझी सहनशक्ती संपली आहे. ‘मुलांशी, मांजरांशी, सगळ्यांशी छान जमते’ असे लिहिणाऱ्याने त्या कुत्र्याला मांजरासमोर कधी उभे केलेले नसते. मी जे पाहिले तेवढेच लिहितो: ‘जेवताना भांड्याजवळ गेल्यास गुरगुरतो, जिना चढायला घाबरतो, उशीला टेकून घोरतो.’ अशा मजकुरावर चौकशा कमी येतात, पण आलेल्यांपैकी बरेच जण टिकतात. गुरगुरण्याचा उल्लेख दडवला, की नवा मालक दचकून कुत्र्याला त्याबद्दल मारतो. मग कुत्रा गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी इशारा न देता चावतो. शिवाय परत येणाऱ्या कुत्र्याच्या नावापुढे आता ‘चावरा’ हा शेरा लागलेला असतो.

आजारांच्या बाबतीत ‘दिसायला तर ठणठणीत आहे’ या भरवशावर राहू नये. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या विषाणूजन्य आजाराची लक्षणे बहुधा लागणीनंतर 3 ते 7 दिवसांत दिसतात, डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला त्याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून आश्रयगृहातून आलेल्या कुत्र्याला मी 2 आठवडे घरच्या कुत्र्यांपासून वेगळे ठेवतो. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही, त्यामुळे जेथे पार्व्होचा रुग्ण राहून गेला तेथे लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू आणू नये.

ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप कुत्रा कोठे आहे ते सांगत नाही. यंत्र जवळ धरल्यावर तिच्यातून केवळ एक क्रमांक, बहुधा 15 अंकी, मिळतो आणि नोंदणीत जुन्या मालकाचाच फोन राहिला असेल तर तो क्रमांक निरुपयोगी ठरतो. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू आईपासून तोडू नये. वाढदिवसाची अचानक भेट म्हणून कुत्रा मागणाऱ्याला मी कुत्रा देत नाही. ज्याच्या घरी तो राहणार आहे, त्याने स्वतः येऊन भेटावे.

करारात मी एक कलम ठळक अक्षरांत घालतो: जमले नाही तर कुत्रा कोणत्याही दिवशी माझ्याकडे परत यावा, परस्पर दुसऱ्याला दिला जाऊ नये. परत करणाऱ्याला लाजवले, तर पुढचा माणूस परत करण्याऐवजी कुत्र्याला कोठेतरी सोडून देतो. तिसऱ्या, एकविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी मी फोन करतो. अकरा दिवस हरवलेल्या त्या मादीच्या घरी नव्वदाव्या दिवशी फोन केला, तेव्हा ती दारात बसू देत नाही, सारखी मध्ये येते, अशी तक्रार ऐकून घेतली आणि दोन्ही दोऱ्या अजून वापरात आहेत ना, एवढेच विचारले.