'हा काय निवडून येतोय' म्हणण्याआधी: राजकारणाबाहेरचा उमेदवार मोजायचा कसा

देश कोणताही असो, अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राजकारणाबाहेरून आलेल्या माणसाबद्दल पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हा काय निवडून येतोय!" सोलापुरातल्या अभ्यासिकांमध्ये आणि कॉलेजच्या चर्चांमध्येही हेच ऐकू येतं. ते बोलण्याआधी काय मोजायचं, ते इथे सांगतो. साहित्य थोडं लागतं: दोनशेपानी वही, कॅल्क्युलेटर आणि त्या देशाच्या मागच्या दोन निवडणुकांचे अधिकृत निकाल.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण 'उपरा' म्हणतो तो दुसऱ्या मतदारसंघातून आलेल्याला. इथे विषय आहे तो पक्षाच्या शिडीवर पायरी पायरीने न चढलेल्या किंवा सत्तेच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या उमेदवाराचा. त्याची मागची मतं एक तर नसतात, नाही तर इतकी कमी असतात की त्यांवरून काही ठरवता येत नाही. श्रीलंकेत अनुरा कुमारा दिसानायके यांना २०१९ मध्ये ३.१६ टक्के मतं होती. २०२४ मध्ये पहिल्याच मोजणीत ती ४२.३१ टक्के झाली. मधल्या काळात देश दिवाळखोरीत गेला होता आणि राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाले होते. त्यामुळे मागचा आकडा वहीत लिहा, पण त्यानंतर त्या देशात काय कोसळलं, हेही शेजारी लिहा.

पहिलं पान नियमांचं

जिंकायला नेमकं काय लागतं, हे न लिहिता पुढे जाऊ नका. सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

भारतात राष्ट्रपती खासदार आणि आमदार निवडतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५. अर्ज भरायलाच ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. मतदार कोण आणि कोणत्या पक्षाचे, हे आधीच माहीत असल्याने इथे अचानक कोणी मुसंडी मारण्याला फारसा वाव नाही. ही सवय घेऊन आपण बाहेरच्या निवडणुकांकडे बघतो आणि फसतो.

अमेरिकेत ५३८ पैकी २७० इलेक्टर लागतात. इलेक्टर म्हणजे अध्यक्ष निवडणारे राज्याराज्यांचे प्रतिनिधी; बहुतेक राज्यांत जो राज्य जिंकतो त्याला तिथले सगळे मिळतात. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ६८ हजार मतं जास्त मिळाली, तरी त्या हरल्या. मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२, एवढ्या फरकाने ट्रम्प यांनी ही तीन राज्यं घेतली. बेरीज करा: ७७,७४४. ही राज्यं मिळून ४६ इलेक्टर. ट्रम्प यांच्या ३०६ मधून ते वजा केले तर २६० उरतात, म्हणजे हार. २०२४ ला आपल्या सोलापूर लोकसभेचा निकाल ७४,१९७ मतांनी लागला. एका मतदारसंघाच्या आघाडीएवढ्या मतांवर त्या देशाचा अध्यक्ष ठरला, हे डोळ्यांसमोर ठेवलं की 'देशात कोण पुढे' हा प्रश्न अपुरा का, ते कळतं.

फ्रान्स आणि पेरूमध्ये कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. श्रीलंकेत दुसरी फेरी नाही. मतदार एकाच मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम देतो आणि पहिल्या मोजणीत कोणी निम्म्यापुढे गेलं नाही तर पहिल्या दोघांसाठी पुढच्या पसंती मोजतात. म्हणून नियमांच्या पानावर शेवटची ओळ अशी हवी: "या उमेदवाराला कमीत कमी किती मतं, कुठे पुरतील?" पेरूत २०२१ साली १८ उमेदवार होते. पेद्रो कास्तियो या ग्रामीण शिक्षकाला पहिल्या फेरीत पहिलं यायला १९ टक्क्यांच्या आतच मतं पुरली. दुसरी फेरी त्याने सुमारे ४४ हजार मतांनी जिंकली. उमेदवार जितके जास्त, तितका उंबरठा खाली.

जनमत चाचणी उलगडून वाचा

हजार लोकांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराच्या आकड्यात साधारण ३ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. दोघांमधल्या फरकाची चूक मात्र जवळपास दुप्पट, म्हणजे ६ टक्क्यांपर्यंत जाते. '४ टक्क्यांची आघाडी' वाचून निकाल लागला असं समजणारे हे विसरतात. नमुना ४०० चा असेल तर नुसत्या आकड्याचीच चूक ५ टक्क्यांच्या घरात असते.

पण गणितातल्या या चुकीपेक्षा मोठी चूक असते ती कोणाला विचारलंच नाही याची. आपल्या गावावरून बघा. पाहणी करणारा पोरगा नवी पेठ आणि सात रस्ता इथे उभा राहून शंभर फॉर्म भरतो. पूर्व भागात गेलाच तर दुपारी जातो. बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असते, हात रिकामे नाहीत, घरात तेलुगू बोलली जाते. तो मराठीत भराभर विचारतो, ती "माहीत नाही" म्हणते. यंत्रमागावरच्या कामगाराला फोन केला तर खडखडाटात ऐकू येत नाही. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड लागते. संध्याकाळी फॉर्म मोजले की सोलापूर मिळत नाही, नवी पेठ मिळते.

अमेरिकेत २०१६ ला बऱ्याच राज्यपातळीवरच्या चाचण्यांत हेच झालं. पदवीधर लोक चाचणीला जास्त उत्तर देतात आणि अनेक संस्थांनी शिक्षणानुसार भार लावून ते दुरुस्त केलं नव्हतं. भार लावणं म्हणजे काय, ते काल्पनिक आकड्यांवर करून बघा. हजारात ६०० पदवीधर भेटले, ४०० बिगरपदवीधर. नवख्याला पदवीधरांत ३८ टक्के, इतरांत ५२ टक्के. म्हणजे २२८ अधिक २०८, एकूण ४३.६ टक्के. प्रत्यक्ष मतदारांत पदवीधर ४० टक्केच असतील, तर हिशेब १५.२ अधिक ३१.२, म्हणजे ४६.४ टक्के. दोघांतच लढत असेल तर त्याची पिछाडी १२.८ वरून ७.२ वर येते. एकही माणूस नव्याने न विचारता!

'सांगता येत नाही' म्हणणाऱ्यांना हिशेबातून काढून टाकू नका, त्यांचा वेगळा रकाना ठेवा. आघाडीपेक्षा ते जास्त असतील तर निवडणूक खुली आहे. २०१६ ला विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनियात शेवटच्या आठवड्यात ठरवणारे मोठ्या प्रमाणात ट्रम्प यांच्याकडे झुकले. पेरूत तर शेवटच्या आठवड्यात चाचण्या प्रसिद्ध करायलाच बंदी असते, त्यामुळे नेमक्या उसळीच्या वेळी आपल्या हातात जुनाच आकडा असतो. चाचणीची तारीख लिहायची ती यासाठी.

आणखी एक सापळा. सारख्या राज्यांत चाचण्या एकाच दिशेने चुकतात. तीन राज्यं तिन्ही फिरणं अवघड वाटतं, पण कारण एकच असेल तर ती एकत्रच फिरतात.

त्याची कमाल मर्यादाही मोजा

धास्ती घेऊन उलट टोक गाठू नका. फ्रान्समध्ये २००२ साली ज्याँ-मारी ल पेन १६.८६ टक्क्यांवर दुसऱ्या फेरीत पोचले आणि तिथे तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांनी ८२ टक्के मतं घेतली. २०१७ मध्ये मात्र नव्या पक्षाचे मॅक्राँ २४ टक्क्यांवरून ६६ वर गेले. फरक दुसऱ्या पसंतीत आहे. म्हणून चाचणीत 'या उमेदवाराला कधीच मत देणार नाही' हा प्रश्न शोधा. असं म्हणणारे निम्म्याहून जास्त असतील तर दुसऱ्या फेरीत तो अडतो. पण समोरच्यालाही तेवढेच लोक नाकारत असतील तर हा अडसर उरत नाही.

मतविभागणी लिहितानाही जपून. सोलापुरात २०१९ ला राजकारणात नवखे असलेले जयसिद्धेश्वर महास्वामी १ लाख ५८ हजारांनी जिंकले, सुशीलकुमार शिंदे हरले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या प्रकाश आंबेडकरांना सुमारे १ लाख ७० हजार मतं पडली. तिसऱ्याची मतं फरकापेक्षा जास्त आहेत, एवढंच यातून सिद्ध होतं. ती सगळी शिंदे यांनाच गेली असती, हे वहीत लिहायला पुरावा नाही.

गृहीत धरल्याने निकालच बदलतो

'तो येत नाही' हा समज स्वतःच मतदानावर परिणाम करतो, आणि खरा धोका तिथे आहे. २००२ ला फ्रान्समध्ये १६ उमेदवार होते. डाव्यांचे मुख्य उमेदवार जोस्पँ दुसऱ्या फेरीत असणारच असं धरून डाव्या मतदारांनी पहिली फेरी छोट्या पक्षांना दिली किंवा घरीच बसले. जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर, ०.६८ टक्क्याने बाहेर पडले. क्लिंटन मुख्य प्रचारात विस्कॉन्सिनला एकदाही गेल्या नाहीत. शिवाय, निवडून येणार नाही असं धरलेल्या उमेदवाराला कोणी कठीण प्रश्नही विचारत नाही. त्याचा कर्जाचा हिशेब, त्याचे सहकारी, त्याची धोरणं तपासायची राहून जातात आणि ती निकालानंतर कळतात. ब्राझीलमध्ये २०१८ ला बोल्सोनारो यांच्याकडे टीव्हीवरचा प्रचारवेळ काही सेकंदांचाच होता. टीव्हीवर दिसत नाही म्हणून ते संपले असं धरणाऱ्यांनी मोबाइलवरचा प्रचार बघितलाच नाही. दुसऱ्या फेरीत त्यांना ५५ टक्के मिळाले.

मतदानाच्या आदल्या रात्री गटातल्या प्रत्येकाने चार आकडे वेगळ्या कागदावर लिहावेत: नवख्याची टक्केवारी, कुंपणावरचे, नाकारणारे आणि जिंकण्याची शक्यता शंभरात किती. २०१६ ला एका नामांकित अंदाजाने ट्रम्प यांना शंभरात सुमारे २९ दिले होते. म्हणजे दहा वेळेला जवळपास तीनदा घडणारी गोष्ट. तेवढी शक्यता दिसली तर 'अशक्य' हा शब्द खोडा. कागद पाकिटात घालून चिकटवा, वर तारीख टाका. अंतिम अधिकृत निकाल आला की पाकीट फोडा आणि चारांपैकी कोणता आकडा कोणत्या बाजूला चुकला, ते वहीच्या शेवटच्या पानावर नोंदवा.