चिनी एसकेएस विकत घेण्याआधीची तयारी

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी माणसांना जुन्या लष्करी रायफली जमवायची आवड लागली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. रायफल म्हणजे चीनची टाइप ५६ कार्बाइन (आखूड रायफल), बाजारात जिला सगळे ‘चायनीज एसकेएस’ म्हणतात. सिमोनोव्ह यांच्या सोव्हिएत रायफलीची ही चिनी आवृत्ती आहे. ती १९५६ पासून बनू लागली, ७.६२×३९ चं काडतूस घेते आणि तिचं मॅगझिन दहा गोळ्यांचं, जागेवर पक्कं असतं. चीनने त्याच ‘५६’ क्रमांकाखाली आपली एके-४७ धर्तीची रायफल आणि एक हलकी मशीनगनही बनवली. त्यामुळे जाहिरातीत नुसतं ‘टाइप ५६’ दिसलं, तर विषय कार्बाइनचाच आहे ना हे आधी विचारा. १९६२ साली नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये समोरच्या चिनी सैन्याकडे ही अर्धस्वयंचलित हत्यारं होती आणि आपले जवान बहुतांशी दर गोळीला हाताने बोल्ट ओढायला लावणाऱ्या .३०३ बोल्ट अ‍ॅक्शनवर लढत होते. माझं या रायफलीकडे लक्ष गेलं ते त्यामुळे.

पहिली तयारी कागदांची. एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. इथे चूक झाली तर पैशांवर भागत नाही, देशातला मुक्कामच धोक्यात येतो. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरून आणि पार्श्वभूमी तपासणी होऊन खरेदी करता येते. दुसऱ्या राज्यातली रायफल साधारणपणे तुमच्या राज्यातल्या परवानाधारकामार्फतच हातात येते. पन्नास वर्षांहून जुन्या मूळ रायफली ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्राह्य जुन्या हत्यारांच्या प्रकारात मोडतात. त्यांचा संग्रह करणाऱ्यांसाठी टाइप ०३ परवाना आहे. तीन वर्षांची फी ३० डॉलर, आणि संग्रह वाढवायचा असेल तर तो काढाच. राज्याचे नियम वेगळे वाचा. कॅलिफोर्नियात सुटं मॅगझिन लावता येणारी एसकेएस बंदी असलेल्या यादीत आहे, मूळ पक्क्या मॅगझिनची नाही. आणि ही रायफल कधीतरी भारतात नेऊ, हा विचार मनातून काढून टाका.

दुसरी तयारी, आपण नक्की काय शोधतो आहोत हे ठरवण्याची. १९९४ साली क्लिंटन सरकारने चिनी बंदुका आणि दारूगोळ्याची आयात बंद केली. त्याआधी शंभर डॉलरच्या आत मिळणारी ही रायफल आता त्याच्या कित्येक पट किमतीला जाते. पण त्या काळात आलेल्या सगळ्याच रायफली लष्करी नव्हत्या. नोरिन्को या चिनी सरकारी शस्त्र कंपनीने अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम आखूड नळीची ‘पॅराट्रूपर’ आणि एकेचं मॅगझिन घेणारी मॉडेलं बनवली. ती चालायला वाईट नाहीत, पण त्यांनी कुठल्याच सैन्यात नोकरी केलेली नाही. विक्रेता त्यांना ‘मिलिटरी सरप्लस’, म्हणजे सैन्याने काढून टाकलेला माल, म्हणाला तर मान डोलावू नका. खऱ्या लष्करी रायफलीच्या रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या धातूच्या मुख्य भागाच्या) डाव्या बाजूला कारखान्याची खूण, क्रमांक आणि बऱ्याचदा ‘५६’ पुढे चिनी अक्षर असतं. त्रिकोणात २६ ही खूण चोंगछिंगच्या ज्येनशे कारखान्याची. या कारखान्याच्या क्रमांकावरून साल काढायचा संग्राहकांचा रूढ हिशोब असा: सात आकडी क्रमांकाचा पहिला आकडा, किंवा आठ आकडी क्रमांकाचे पहिले दोन, १९५६ मध्ये मिळवा. नवाने सुरू झाला तर १९६५, दहाने तर १९६६. इतर कारखान्यांना हा हिशोब लावू नका.

साल काढलं की संगिनीकडे बघा. सुरुवातीच्या रायफलींना सोव्हिएत पद्धतीची पात्याची संगीन असायची, साठच्या दशकाच्या मध्यापासून टोकदार सळईसारखी आली. क्रमांक पन्नासच्या दशकाच्या अखेरचा आणि संगीन सळईची असेल, तर कुणीतरी नंतर बदललेली आहे.

आता क्रमांक जुळवा, आणि इथे घाई करू नका. रिसीव्हरवरचा पूर्ण क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता भाग), त्याला सरकवणारा बोल्ट कॅरिअर, वरचं झाकण, ट्रिगर गार्ड, मॅगझिन आणि लाकडी दस्ता या सगळ्यांवर शोधा. त्यासाठी सोबत छोटी विजेरी आणि भिंग ठेवा. आकड्यांचा साचा, खोली आणि अंतर सगळीकडे सारखं हवं. एखादा आकडा घासून पुन्हा ठोकलेला असेल तर त्याच्याभोवतीचा पृष्ठभाग किंचित खोल आणि वेगळ्या चमकेचा दिसतो. न जुळणारी रायफल घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. चालवायलाच हवी असेल तर ती स्वस्तात मिळते. मात्र बोल्ट वेगळा असेल तर गनस्मिथकडून गो आणि नो-गो गेज या मापांनी हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घेतल्याशिवाय तिच्यात काडतूस घालू नका.

लाकूड हे चिनी रायफलीचं खरं वैभव. बहुतेक दस्ते कॅटाल्पाचे, तांबूस-पिवळे, वजनाला हलके आणि मऊ. त्यावर ओरखडे, ठोके, दुरुस्तीचे तुकडे असणारच, आणि मला ते हवेच असतात. उलट दस्ता सॅंडपेपरने घासून वॉर्निश मारून चकचकीत केलेला असेल तर किंमत पाडून मागा. दुर्बिणीसाठी रिसीव्हरला पाडलेली भोकं, कापलेला संगिनीचा आधार, मूळ मॅगझिन हरवून लावलेलं प्लास्टिकचं, ही लक्षणं दिसली की मी पुढे जातो. शिवाय आयात रायफलीत सुटं मॅगझिन लावण्यासारखे बदल केले की फेडरल कायद्याच्या ९२२(आर) कलमाचा, म्हणजे आयात बंदुका कोणत्या रूपात जोडता येतात या नियमाचा, प्रश्न उभा राहतो.

नळीबद्दल एक सावधगिरी. चिनी नळ्यांना आतून बहुधा क्रोमचा मुलामा असतो, त्यामुळे वरवर चमक दिसते आणि माणूस फसतो. विजेरी चेंबरकडून, म्हणजे काडतूस बसतं त्या बाजूने, धरून तोंडाकडून बघा, मग उलट. नळीतल्या वळणदार खाचांच्या कडा धारदार आहेत का, मुलामा कुठे उडाला आहे का, आणि नळीच्या अगदी तोंडाशी झीज आहे का ते पाहा. रिसीव्हरच्या पुढच्या भागात आडवी पिन असेल तर नळी दाबून बसवलेली, नसेल तर आट्यांनी बसवलेली. संग्राहकाला दुसरी आवडते, नेमबाजीला दोन्ही ठीक. नळीवरची गॅस ट्यूब उघडून तिच्यातल्या पिस्टनवरचा गंज जरूर बघा. जुना चिनी दारूगोळा गंज चढवणारे क्षार मागे सोडणारा होता आणि ज्यांनी नीट साफ केलं नाही त्यांच्या रायफलीत त्याची पहिली खूण तिथेच उमटते.

व्हिएतनाममधून सैनिकांनी आणलेल्या रायफली वेगळ्याच. त्यांच्यावर आयातदाराची खूण नसते आणि सोबत डीडी ६०३-१ हा युद्धातील लुटीचा फॉर्म असेल तर किंमत खूप चढते. म्हणून खोटे कागदही फिरतात. फॉर्मवरचा क्रमांक रायफलीशी ताडून बघा, आणि कागद नसताना नुसती हकीकत सांगत असतील तर हकीकतीचे पैसे देऊ नका.

रायफल घरी आली की थेट रेंजवर धावू नका. एसकेएसची फायरिंग पिन बोल्टमध्ये मोकळी असते, तिला मागे ढकलणारी स्प्रिंग चिनी रायफलीत सहसा नसते. वर्षानुवर्षांचं कॉस्मोलिन (गंज लागू नये म्हणून लावलेलं जाड ग्रीस) तिथे घट्ट झालं की पिन पुढे अडकून राहते आणि बोल्ट बंद होताच, चाप न ओढता, गोळी सुटते. एकामागून एक सुटत राहू शकते. सेफ्टी लावून उपयोग नाही, ती फक्त चाप अडवते. म्हणून बोल्टचे सगळे भाग सुटे करा, मिनरल स्पिरिटमध्ये भिजवा, पिन आणि तिचं भोक स्वच्छ करा, कोरडं करून जोडा आणि बोल्ट कानाजवळ हलवा. पिन खुळखुळ वाजली पाहिजे. मी दुसऱ्याची रायफल हातात घेतली तरी हे विचारतो, आणि तुम्हीही विचारा.

पहिल्यांदा चालवताना नळी सुरक्षित दिशेला ठेवून एकच काडतूस भरा, मग दोन, मगच दहा. जुना सरप्लस दारूगोळा वापरला असेल तर त्याच दिवशी नळी, गॅस ट्यूब, पिस्टन आणि बोल्टचं तोंड आधी गरम पाण्याने धुवा, कारण क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. पूर्ण वाळवा, मग तेल लावा, आणि रायफल कुलपात, काडतुसं दुसऱ्या कुलपात.